आई-वडिलांना निसर्गसहल भेट देताना

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस किंवा वडिलांची पंचाहत्तरी जवळ आली की मुलांपुढे प्रश्न उभा राहतो, भेट काय द्यावी? साडी, घड्याळ, मोबाइल हे सारे देऊन झालेले असते आणि ‘आता आम्हाला काय करायचंय’ हे उत्तर ठरलेले असते. अशा वेळी एखादी निसर्गसहल भेट द्यावी, ही कल्पना उत्तमच. मात्र सहल निवडताना मुले बहुधा स्वतःची आवड प्रमाण मानतात आणि पहिले नाव सुचते ते ताडोब्याचे.

ताडोब्याचे जंगल देखणे आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तेथील सफारी साठी-सत्तरीच्या शरीराकडून काय मागते, हे आधी पाहायला हवे. सकाळच्या फेरीसाठी सूर्योदयापूर्वी उठून प्रवेशद्वारावर हजर राहावे लागते. त्यानंतर उघड्या जिप्सीत साधारण चार तास काढायचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा बोचरा वारा असतो. वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मेमध्ये वाढते, कारण पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात. पण नेमक्या त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो. कच्च्या रस्त्यावरचे धक्के मागच्या चाकांवर येणाऱ्या आसनावर सर्वाधिक बसतात. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्याला अशा एखाद्या धक्क्यानेही इजा होऊ शकते.

याहून मोठी अडचण अशी, की तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. जंगलात वाटेल तेथे वाहनातून उतरता येत नाही. स्वच्छतागृह मधल्या ठरावीक ठिकाणीच मिळते. त्यामुळे अनेक आया आदल्या रात्रीपासून पाणी पिणेच बंद करतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर कित्येकदा ती कोणाला न सांगता चुकवली जाते. मुले वाघाच्या छायाचित्रांत रमलेली असतात आणि आई ‘छान झालं हो’ म्हणत कोरड्या घशाने परत येते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून घेतले, तर हा प्रकार टळू शकतो. तरीही ताडोबाच हवा असेल, तर एकच फेरी घ्यावी आणि पुढच्या किंवा मधल्या आसनाचा आग्रह धरावा.

आमच्या मते या वयासाठी जंगलापेक्षा जलाशय अधिक चांगला. वाघाच्या मागे आपल्याला फिरावे लागते. पाणपक्षी मात्र उघड्यावर, थव्याने आणि बराच वेळ दिसतात. याला एक शारीरिक कारणही आहे. वय वाढते तसे कानांना प्रथम उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. दाट झाडीतला छोटा पक्षी बहुधा आवाजावरूनच शोधावा लागतो, त्यामुळे वाटाड्या ‘तो बघा’ म्हणतो आणि आजोबांना काहीच उमगत नाही. पाण्यातला रोहित किंवा चित्रबलाक शोधण्यासाठी कानांची गरज लागत नाही.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. तेथे उजनी धरणाच्या फुगवट्यावर स्थानिक मच्छीमार नावेतून पक्षी दाखवतात. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते; पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडली की रोहित पक्ष्यांना खाद्य मिळते. म्हणून दिवाळीच्या सुटीपेक्षा जानेवारी-फेब्रुवारी निवडावा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही त्या सुमारास भेटू शकतात. मात्र काठावर चिखल असतो आणि नावेत चढताना दोन्ही बाजूंनी आधार लागतो, हे गृहीत धरावे. नावच नको असेल, तर नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे नांदूर मधमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे अभयारण्य २०१९ मध्ये रामसर यादीत आले. महाराष्ट्रातील ती पहिली पाणथळ जागा. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या जमत नसतील, तर काठावर खुर्ची टाकूनही सकाळ मजेत जाते. मुंबईकरांना तर मुक्कामाचीही गरज नाही. ठाणे खाडीतील रोहित पक्षी पाहण्यासाठी ऐरोलीहून वनविभागाच्या बोटी सुटतात. त्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरत असल्याने रोज बदलतात.

कोकणातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहणे हा विलक्षण अनुभव आहे. पण वाळूत चालणे गुडघ्यांना जड जाते आणि एखाद्या दिवशी घरट्यातून एकही पिल्लू बाहेर येत नाही. ज्यांना दोन दिवस निवांत राहायला आवडते, त्यांच्यासाठीच ती भेट ठीक.

ठिकाण ठरले की मुक्कामाच्या जागी फोन करावा. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराची फरशी निसरडी आहे का, जेवायला पाटावर बसावे लागेल की टेबल आहे, आणि सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे? खिडकीतून तलाव दिसतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

सोबत एक दुर्बीणही द्यावी, आणि तीही चार-आठ दिवस आधी, म्हणजे गॅलरीतून बुलबुल पाहून हात बसतो. ‘८×४२’ मापाची पुरेशी होते. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो; हात थरथरत असेल, तर दहा-बारा पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत ती थरथरही तितकीच मोठी होते. वडील चष्मा लावत असतील, तर डोळ्याजवळची रबरी कडा आत सरकणारी दुर्बीण निवडावी.

सोबत कोणी जावे, हा नाजूक मुद्दा. सारे कुटुंब निघाले की आजी-आजोबांकडे नातवंडांना सांभाळण्याचे काम आपसूक येते. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींपैकी एखादे दांपत्य बरोबर दिले, तर दोघेही अधिक मोकळे होतात. गाडी मात्र चालकासह द्यावी. भल्या पहाटे अनोळखी रस्त्यावर वडिलांनी ती चालवू नये.

आणि कृपया अचानक धक्का देण्याचा मोह टाळावा. सफारीच्या आगाऊ बुकिंगला नावे आणि ओळखपत्राचा तपशील द्यावा लागतो, हे झाले व्यावहारिक कारण. खरे कारण असे, की तिकिटे हाती पडल्यावर आई-वडील ‘नको’ म्हणत नाहीत; पैसे भरले आहेत म्हणून ते दुखरा गुडघा लपवून निघतात. आधी विचारले, तर ‘तुम्ही ठरवाल ते’ असे उत्तर येईल. तेव्हा भिगवण आणि नांदूर मधमेश्वर असे दोन पर्याय, दोन तारखा आणि प्रवासाचे तास कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवावेत आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.