मणिकामाचा धंदा आणि त्याचा खरा हिशेब

आपल्यापैकी ज्यांचे मूळ सौराष्ट्रात आहे, त्यांच्या घरी जुन्या पेटीत मोतीकामाचे एखादे तोरण, चाकळा, पंखा अथवा इंढोणी जपून ठेवलेली आढळते. आजीच्या किंवा पणजीच्या आंदणातून ती आलेली असते. ह्या कामास ‘मोतीकाम’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यातील मोती शिंपल्यातील नव्हेत. ते काचेचे बारीक मणी होत. तरसाली परिसरातील आपल्या सभासदांच्या कुटुंबांतून हे काम करून विकण्याची इच्छा अलीकडे वारंवार कानी येते. घरबसल्या करता येणारा, भांडवल थोडे लागणारा आणि जीवहिंसेचा स्पर्श नसलेला हा उद्योग आहे, हे तर खरेच. परंतु ह्या धंद्यात उतरलेले पुष्कळजण वर्षा-दोन वर्षांत थकून तो सोडतात, आणि त्याचे कारण बहुधा हिशेबाच्या वहीत सापडते. म्हणून ह्या लेखात कलेची थोरवी थोडी व हिशेबाची चर्चा अधिक केली आहे.

प्रथम ह्या मालाचा इतिहास थोडक्यात पाहू. तो व्यापाऱ्यांचाच इतिहास आहे. सौराष्ट्रातील मोतीकामास लागणारे मणी एकोणिसाव्या शतकात इटलीतील व्हेनिसजवळच्या मुरानो येथून निघत, आणि झांजीबार व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करणारे गुजराती वणिक ते आपल्या गावी आणीत. त्या किनाऱ्यावर मणी हे चलनासारखे चालत असत. रिचर्ड बर्टन ह्या इंग्रज प्रवाशाने १८६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात तेथील बाजारातील मण्यांचे सुमारे चारशे प्रकार असल्याचे नमूद केले आहे. एका मुलखात ज्या रंगावर लोक तुटून पडत, तो पुढच्या मुलखात कोणी हातातही धरीत नसे. चुकीचा रंग घेऊन गेलेल्या व्यापाऱ्याचा माल मातीमोल होई. आजही मण्यांच्या व्यापाऱ्याने एकदम पन्नास रंग भरून ठेवू नयेत, हे सांगण्यास ह्याहून जुना दाखला नको.

सौराष्ट्र-कच्छच्या ह्या कामाचे शास्त्रशुद्ध वर्णन नानावटी, वोरा व ढाकी ह्या तिघांच्या ग्रंथात आहे. तो गुजरात राज्याच्या पुरातत्त्व खात्याने १९६६ साली प्रकाशित केला. ह्यांपैकी मधुसूदन ढाकी म्हणजे मंदिरस्थापत्याचे, विशेषतः जैन मंदिरांचे, थोर अभ्यासक. देवालयांच्या शिखरांचा विचार करणाऱ्या विद्वानास घरच्या चाकळ्याकडेही तितक्याच आदराने पाहावेसे वाटले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

बडोद्याचे नाव ह्या विषयात एका निराळ्याच वस्तूमुळे जगभर झाले. महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास मदिनेस अर्पण करण्याच्या हेतूने मोत्यांचा गालिचा करविला. तो मदिनेस पोहोचला नाही. पुढे परदेशी गेला आणि २००९ साली कतारमधील दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लक्ष डॉलरांस विकला गेला. त्यात पंधरा ते वीस लक्ष बसराई मोती आहेत, हे सर्वजण सांगतात. परंतु त्याच गालिच्यात रंगासाठी साधे काचेचे मणीही गुंफलेले आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. राजाच्या गालिच्यातही काचेस स्थान मिळाले, ते कारागिराच्या नजरेमुळे. आपल्या दृष्टीने आणखी एक भेद आहे. मोत्यासाठी शिंपल्यातील जीव जातो, आणि त्या गालिच्याच्या पाठीस हरणाचे कातडेही आहे. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते, म्हणजे हस्तिदंत, अस्थी, चर्म आदी प्राणिज वस्तूंचा व्यापार. काचेच्या मण्यास असा कोणताही दोष लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बारीक मण्यांस क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितका मणी लहान. सर्वसाधारण मालेस ११ क्रमांकाचा मणी वापरतात. तो सुमारे २ मिलिमीटरचा असतो, आणि एका ग्रॅममध्ये असे अदमासे ११० मणी बसतात. जपानी मणी एकसारखे, चेक मणी किंचित कमीअधिक. देशी मणी स्वस्त, परंतु त्यांतून वेडेवाकडे निवडून काढण्यात वेळ जातो. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर आणि आंध्रातील पापानायडुपेट ही काचमण्यांची जुनी गावे होत. खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. ओल्या पांढऱ्या कापडावर मणी चोळून रंग सुटतो का. आठवडाभर उन्हात ठेवल्यास तो उडतो का. आणि छिद्राची कड धारदार आहे का. धारदार कड दोरा कापते, आणि माळ गिऱ्हाइकाच्या गळ्यात तुटते. जुनी तोरणे तुटली ती मण्यांच्या दोषाने नव्हे, सुती दोरा कुजल्याने. म्हणून आता नायलॉनचा दोरा घेतात. एका मालेस लागणारे सर्व मणी एकाच खेपेचे असावेत. दुसऱ्या खेपेचा तांबडा रंग दुकानात जुळला, तरी उन्हात वेगळा पडतो.

मोतीकामाचे वैशिष्ट्य असे की, मणी कापडावर टाकत नाहीत, तर एकमेकांत गुंफून त्यांचेच जाळे विणतात. त्यामुळे वेळ फार लागतो. मुख्य प्रश्न येथेच उभा राहतो. उदाहरणादाखल एक माळ घेऊ. (आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.) मालेस २,७५० मणी लागले, म्हणजे २५ ग्रॅम. मणी, दोरा, आकडा व डबी मिळून साहित्य ६० रुपयांचे. गुंफण्यास १० तास. दुकानदार म्हणतो, “साठ रुपयांचा माल आहे, अडीचशे घ्या, चौपटीहून अधिक मिळतात.” घरची बाईही खूष होते. परंतु २५० मधून ६० वजा जाता १९० उरले, आणि १० तासांनी भागिले असता तासाला १९ रुपये पडले. चौपट नफ्याचा हा धंदा प्रत्यक्षात धुणीभांड्यांच्या कामाहूनही हलक्या मजुरीचा निघाला! तासाची मजुरी ५० रुपये धरली, तरी उत्पादनाची किंमत ५६० होते. त्यावर फुटतूट, न विकलेला माल, प्रवास आणि दुकानदाराचा वाजवी नफा चढवावा लागतो. गिऱ्हाईक इतकी किंमत देणार नसेल, तर मजुरी कमी करण्यापेक्षा नक्षी बदलावी. त्याच हाताची, परंतु दोन तासांत होणारी कर्णभूषणे अथवा किल्ल्यांचे गोंडे करावेत, आणि मोठी माळ केवळ मागणी आल्यावर घ्यावी. आपण धान्याच्या गोणीमागे सुतळीचाही खर्च मांडतो. घरातील स्त्रीच्या दुपारी मात्र फुकट धरतो. ही चूक आपल्याच घरांतून अधिक होते, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

दुसरी अडचण जांगड मालाची. दुकानदार माल जांगड ठेवून घेतो, विकला तर पैसे देतो, नाही तर सहा महिन्यांनी उन्हाने विटलेला परत करतो. थोड्या भांडवलाच्या कारागिरास हे परवडत नाही. पहिल्या खेपेस अर्धी रक्कम रोख घ्यावी, आणि जांगडीची मुदत व विटलेल्या मालाची जबाबदारी कागदावर लिहून घ्यावी. ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. ती अवश्य करावी. कारण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यान्वये अशा नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज पडते. आपल्यातील जे घेणारे व्यापारी आहेत, त्यांनीही हे कलम ध्यानात ठेवावे. हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडून कारागिरांस ओळखपत्रही मिळते. सरकारी मेळ्यांत गाळा मागताना ते उपयोगी पडते.

आता सर्वांत नाजूक विषय. बडोद्याच्या पूर्वेस छोटा उदेपूरचा मुलूख आहे. २०१३ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. तेथील राठवा आणि पलीकडील अलिराजपूर-झाबुआचे भिल्ल-भिलाले ह्यांचे मणिकाम त्यांचे स्वतःचे आहे. होळीनंतर कवांटच्या मेळ्यात तरुण-तरुणी रंगीत मण्यांच्या माळा घालून येतात, तो देखावा पाहणाऱ्यास विसरणे शक्य नाही. तेजगढ येथील आदिवासी अकादमी, जी बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेने गणेश देवी यांच्या पुढाकाराने उभारली, तेथे ह्या समाजांच्या भाषा व कला ह्यांचे जतन होते. ह्या मालास शहरात मागणी वाढली आणि लगोलग नक्कलही आली. यंत्रावर ओवलेल्या, कारखान्यात भरलेल्या माळा ‘आदिवासी हस्तकला’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जातात.

मणी बाहेरून आलेले आणि कला आपली, ही गोष्ट जगात अन्यत्रही घडली आहे. अमेरिकेतील मूळ रहिवासी पूर्वी साळिंदराचे काटे रंगवून त्यांची नक्षी करीत. युरोपीय व्यापाऱ्यांनी काचमणी आणल्यावर त्यांनी त्या मण्यांतून स्वतःची नक्षी घडविली. तेथेही नकलेचा बाजार इतका माजला की, १९९० साली कायदा करावा लागला. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणाऱ्या व्यक्तीस पहिल्या अपराधासाठीही अडीच लक्ष डॉलरपर्यंत दंड अथवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते. आपल्याकडे १९९९ चा भौगोलिक निर्देशनांचा कायदा आहे. नोंदलेले नाव खोटे वापरल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते दोन लक्ष रुपये दंड त्यात सांगितला आहे. खंबायतचा अकीक ह्या कायद्याखाली नोंदलेला आहे. परंतु नोंदणी न झालेल्या मालेचे काय? तेथे शिपाई येणार नाही.

आपल्या शास्त्रात ह्याचे उत्तर कायद्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोट्या वजनमापाबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ ही गणना आहे: खऱ्यासारखे दिसणारे खोटे खरे म्हणून विकणे. तुपात भेसळ करणाऱ्यास आपण ह्या दोषाखाली धरतो. माळेवरील चिठ्ठीस धरीत नाही. तरसालीच्या घरी आपल्या भगिनीने केलेली माळ सुंदर असू शकते, परंतु ती राठवा माळ नव्हे. तिच्यावर ‘तरसाली, बडोदे येथे हाताने केलेली’ असे लिहावे. राठवा स्त्रीकडून माल घेऊन विकत असल्यास तिचे गाव आणि, तिची संमती असेल तर, नावही लिहावे, आणि तिला दिलेला भाव वहीत असावा. ह्यामुळे विक्री कमी होते, असा आक्षेप ऐकू येतो. माझा समज उलट आहे, परंतु तो खोटा ठरला, तरी चिठ्ठी बदलता येणार नाही.

खंबायतच्या अकीकाचा उल्लेख वर आलाच आहे. तो मणी आपल्या प्रांताचे भूषण. लोथलच्या उत्खननात मणी घडविणाऱ्यांचे कामठाणच सापडले. परंतु अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत बसते, त्यास सिलिकोसिस म्हणतात, आणि तो रोग बरा होत नाही. अकीकाचे मणी घेणाऱ्याने, घासण्याच्या जागी पाणी व धूळ ओढून घेणारे यंत्र आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. स्वस्त मण्याची किंमत कोणी भरली, ते तेथे कळते.

शेवटी एक सूचना, जिच्यात नक्कलेची भीती नाही व भांडवलही जवळजवळ नाही. आपल्याच घरांतील तुटलेली तोरणे नव्याने ओवून देण्याचे काम तरसालीच्या भगिनींनी हाती घ्यावे. जुने मुरानोचे मणी आज सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून ते गिऱ्हाइकासमोर तोलून घ्यावेत आणि तोलूनच परत द्यावेत. मजुरी तासावर ठरवावी. तोरण उसवताना एका कोपऱ्याचा दोन इंच भाग तसाच राखावा. गुंफण आणि रंगांचा क्रम त्यावरून मोजता येतो, व सर्व काम पुरे झाल्यावरच तो कोपरा सोडवावा.