घरात दुसरे हेल्मेट कधी येणार?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कोणत्याही वस्तीच्या तोंडाशी सकाळी उभे राहा. बाप मोटारसायकल चालवतो आहे, टाकीवर लेकरू, मागे आई. घरात हेल्मेट एकच. तेही बापाच्या डोक्यावर, नाहीतर आरशाला लटकवलेले! मग आईच्या आणि लेकराच्या डोक्याचे काय?

आम्ही कारकून माणूस, आकड्यांशी रोजचा संबंध. म्हणून केंद्र सरकारचाच हिशेब मांडतो. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातांत दगावली. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. मोडल्यास हजार रुपये दंड व तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. त्याच पैशात आयएसआय छापाचे दुसरे हेल्मेट येते. मात्र हनुवटीचा पट्टा बांधला नाही, तर आपटताक्षणी ते डोक्यावरून निघून जाते.

जुलै २०१८ मध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात खराब रस्त्यावर मोटारसायकलचा तोल गेला आणि मागे बसलेल्या महिलेचा अवजड वाहनाखाली अंत झाला. खड्ड्यांचा जाब महापालिकेला विचारलाच पाहिजे. पण तोवर कामावर त्याच रस्त्याने जायचे आहे. म्हणून गाडी चालवण्याचे नीट शिक्षणही हवे.

आपली पोरे मित्राच्या गाडीवर शिकतात, आठचा आकडा काढतात आणि परवाना मिळवतात. आठच्या आकड्याने तोल कळतो, वेगात थांबणे कळत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे हात ब्रेकवर जाईपर्यंत पुढची रिक्षा गाठलेली असते. पुढचा ब्रेक लावला की उलटे पडतो, हा समज चुकीचा आहे. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे मोठे काम तोच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत लावावेत. वळणावर, ओल्या रस्त्यावर एकदम दाबू नयेत. खड्ड्याच्या आधीच वेग कमी करावा.

हे सांगून येत नाही, करून येते. म्हणून आम्ही सुचवतो, की प्रत्येक वस्तीतील मंडळाने एखाद्या रविवारी मोकळ्या मैदानावर ब्रेक लावण्याचा सराव ठेवावा. वाहतूक पोलिसांना व आरटीओच्या अधिकाऱ्यांना बोलवावे. घरोघर सामान पोचवणाऱ्या पोरांना आणि स्कूटर चालवणाऱ्या भगिनींना आवर्जून आणावे. अल्पवयीन मुलाच्या हाती मात्र किल्ली देऊ नये. त्याच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कमावता माणूस अंथरुणाला खिळला, की पोराची शाळा सुटते, घर कर्जात बुडते. तेव्हा या पगाराला दुसरे हेल्मेट घ्या, आणि ते आधी घरच्या लक्ष्मीच्या नव्हे, घरच्या माणसाच्या डोक्यावर म्हणून तिला द्या.