बसलेला घसा

आजोबांनी १९६२ साली घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ दहा मिनिटे सुरेख गाई आणि मग त्याचा घसा बसे. "माझेच कान गेले रे," म्हणून आजीने ऐकणे सोडले होते. आम्ही शेवटचा व्हॉल्व्ह बदलला, व्यर्थ! मग एका वृद्ध मेकॅनिकनी मीटर लावला. त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब असता कामा नये. रेडिओ तापला तसा तो चढत चढत १२ व्होल्टवर गेला. आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त आवाज पुढे सोडायचा, तो कागदी कंडेन्सर गरम झाला की दाबही पाझरू देई. याला 'गळती' म्हणतात. मराठीच्या मास्तराला शब्द तेवढा कळला! ०.०१ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर बसला. अर्ध्या तासाने आजी म्हणाली, "बंद करू नकोस. आवाज मात्र जरा कमी कर."