पहिला फायटर, जड पाणी आणि आपली घाई

नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या पुलालगतच्या कोल्हारसारख्या गावात फायटर मासा आता नवलाचा राहिलेला नाही. श्रीरामपूरला, संगमनेरला किंवा नगरला कामासाठी गेलेलं माणूस येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घेऊन येतं. मुलं त्याचं नाव ठेवतात, टीव्हीशेजारी त्याची जागा ठरते, आणि अनेकदा महिन्याभरातच तो तळाशी आडवा पडलेला दिसतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "मासाच नाजूक होता."

तो नाजूक नसतो. बेट्टा स्प्लेंडेन्स असं शास्त्रीय नाव असलेला हा थायलंडचा मासा नीट सांभाळला तर दोन ते चार वर्षं सहज जगतो. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. तो मरतो त्याच्याबद्दलच्या चार-सहा पक्क्या समजुतींमुळे, आणि आपल्या भागात या समजुती जास्त महाग पडतात, कारण आपलं पाणी.

"हा तर ग्लासातही जगतो"

दुकानात तो ग्लासात किंवा बरणीत ठेवलेला दिसतो, त्यामुळे हा समज सगळ्यात घट्ट बसला आहे. त्यामागे अर्धं सत्य आहे. बेट्टाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर एक वळ्यावळ्यांचा अवयव असतो. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेतो. आपल्याकडचा मरळही हवेतून श्वास घेतो, म्हणून तर तो बाजारात ओल्या टोपलीतही बराच वेळ जिवंत असतो. पण मरळ टोपलीत जिवंत राहतो म्हणून टोपली हे त्याचं घर आहे असं आपण म्हणत नाही.

"तिकडे तो डबक्यात राहतो" हेही सांगितलं जातं. थायलंडमध्ये तो राहतो भातखाचरांत, दलदलीत, संथ कालव्यांत. तिथे पाणी उथळ असतं, पण लांबवर पसरलेलं आणि वनस्पतींनी भरलेलं असतं. आपल्या प्रवरेच्याच वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात, पावसाळ्यात भाताची खाचरं भरलेली पाहिली आहेत ना? पाणी पोटरीएवढं, पण मासा हिंडायला अख्खं शेत मोकळं. बरणीशी याची तुलना होऊच शकत नाही.

हवेतून श्वास घेतल्याने बेट्टा प्राणवायूच्या कमतरतेतून वाचतो, स्वतःच्या घाणीतून वाचत नाही. पाणी जितकं कमी, तितकी तीच घाण अधिक दाट. म्हणून सुरुवात निदान एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेच्या टाकीने करावी. काठोकाठ भरली तर तीत सुमारे २८ लिटर मावतात, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून २२-२३ लिटर उरतात. दीड फूट लांबीची मिळाली तर आणखी बरं. वरून झाकण हवं, कारण बेट्टा उडी मारतो. भरलेली टाकी ३० किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती डुगडुगत्या टेबलावर नको.

"पाणी काचेसारखं आहे, मग सोडा मासा"

सगळ्यात जास्त मासे या एका समजाने मरतात, म्हणून इथे थोडं थांबू.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि टाकीत असतो इतक्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. पाणी आरशासारखं नितळ असतानाच मासा कल्ले भाजून मरतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत हे होत नाही, कारण तिथल्या वाळूवर, स्पंजवर, पानांवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मात्र बरंच सौम्य, आणि झाडांचं खाद्य.

ऊस पिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी नाही. उसाला टाकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो आणि जमिनीतले जिवाणू त्याचं पुढे नायट्रेट करतात. टाकीतही हेच काम चालतं. फरक इतकाच, की जमिनीत हे जिवाणू आधीपासून असतात आणि नव्या टाकीत ते जवळपास नसतातच. त्यांना वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता आपल्या पाण्याचा प्रश्न. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावरच्या प्रवरेच्या कालव्यांनी हा पट्टा हिरवा केला, पण भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्याने जागोजागी जमिनी खारवट आणि चोपण झाल्या. विहिरी-बोअरच्या पाण्यातही क्षार आले. ज्या घरी तूरडाळ शिजता शिजत नाही आणि हंड्याला पांढरा थर धरतो, तिथलं पाणी जड आहे, वेगळी तपासणी न करताही हे कळतं. अशा पाण्याचा सामू ८ च्या आसपास असणं नेहमीचं.

या सामूचा अमोनियाशी थेट संबंध आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी थोडाच भाग खऱ्या विषारी रूपात असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर तो भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तेवढ्याच घाणीत जड पाण्यातला मासा सुमारे नऊ-दहापट विष झेलतो. मृदू पाण्याच्या गावातल्या मित्राची घाई कदाचित खपून जाईल. आपली खपणार नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. टाकी लावा, झाडं लावा, हवेच्या छोट्या पंपावरचा स्पंज फिल्टर सुरू करा, आणि मासा न आणता रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणू वाढतील. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. तो विरजणासारखं काम करतो आणि बरेच दिवस वाचवतो. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचे थेंबांचे किट मिळतात. पहिले दोन शून्य दाखवू लागले आणि नायट्रेट दिसू लागला की मासा आणावा. महागडे दिवे आणि शोभेचे दगड नंतर घेता येतील, पण हे किट आधी घ्या असा माझा आग्रह आहे.

"सामू ७ असायलाच हवा"

नको. बाजारात येणारे बेट्टे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत पैदास झालेले असतात, सामू ८ ला ते जुळवून घेतात. त्यांना सोसत नाही तो रोजचा चढउतार. सामू उतरवायचे थेंब जड पाण्यात टाकले की तो एक दिवस खाली येतो आणि पाण्यातल्या क्षारांमुळे पुन्हा वर जातो. या झोक्यात मासा आजारी पडतो.

मग आरओच्या जारचं पाणीच का नको? कारण त्यात क्षार फारच कमी असतात, आणि मासा, झाडं, जिवाणू या तिघांनाही थोडे क्षार लागतात. बोअरचं फारच जड असेल तर निम्मं ते आणि निम्मं जारचं, असं मिश्रण ठेवावं आणि दर वेळी तेच प्रमाण पाळावं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर आटतं. आटतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून आटलेली भर जारच्या पाण्याने घालावी. बोअरचंच ओतत राहिलं तर मे महिन्यापर्यंत टाकी खारवते.

नळाचं पाणी वापरत असाल तर ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर लक्षात ठेवा. तिच्यातला क्लोरीन मासा आणि जिवाणू दोघांनाही मारतो. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवलं की तो उडून जातो.

"झाडं काय, शोभेची, प्लॅस्टिकची चालतात"

प्लॅस्टिकच्या पात्यांनी बेट्टाचे लांब पर फाटतात, हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा, की जिवंत झाड अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढून घेतं आणि प्लॅस्टिक काहीच करत नाही. शिवाय बेट्टाला रुंद पानावर अंग टाकून विसावायला आवडतं.

जिवंत झाडं म्हटली की लोकांना गॅसचा सिलिंडर आणि परदेशी माती आठवते. पहिल्या टाकीला दोन्ही लागत नाहीत. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला जड पाण्यात जोमाने वाढतात. अनुबियास आणि जावा फर्न संथ पण चिवट आहेत. या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, तेव्हा ते दगडाला दोऱ्याने बांधावं. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर सह्याद्रीतल्या नद्यांमधल्याच. दुकानातून आणलेलं क्रिप्टोकोरिन लावल्यावर काही दिवसांत त्याची पानं विरघळतात. घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असली की नवी पानं येतात.

तळाला दीड-दोन इंच धुतलेली जाडसर वाळू पुरते. शेतातली काळी माती घालू नये: ती फुगते, पाणी गढूळ करते आणि तिच्यातले चुनखडीचे खडे पाणी आणखी जड करतात. वाळूतही हे खडे असू शकतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा, बुडबुडे आले तर ती नको. दिवा रोज सहा ते आठ तास. खिडकीतलं ऊन टाकीवर येऊ दिलं तर शेवाळ माजतं.

रात्री झाडं प्राणवायू घेतात म्हणून मासा गुदमरेल, ही भीतीही ऐकू येते. बेट्टा वर येऊन हवा घेतो. तरंगत्या झाडांनी सगळा पृष्ठभाग झाकला जाणार नाही एवढं पाहिलं की झालं. पाटातली किंवा नदीतली जलपर्णी मात्र उचलून आणू नका, तिच्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि त्या लहान मासे खातात.

देशी बदामाची गळून पडलेली, वाळलेली पानं कामाची आहेत. एखादं पान धुऊन टाकलं की पाणी चहाच्या रंगाचं होतं. तो रंग म्हणजे घाण नव्हे. बेट्टाच्या मूळ घरचं पाणी असंच पानं मुरलेलं असतं.

"गरम देशातला मासा, हीटर कशाला?"

बेट्टाला २४ ते २८ अंश लागतात. नगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि एवढ्याशा टाकीचं पाणी खोलीबरोबर गार होतं. गारठलेला बेट्टा खात नाही, एका कोपऱ्यात पडून राहतो, आणि त्याच्या अंगावर पांढरे ठिपके येतात. आपोआप बंद होणारा २५ वा ५० वॅटचा हीटर हिवाळ्यापुरता तरी हवाच. हात घालण्याआधी त्याची पिन काढा.

खाण्याबद्दल थोडक्यात. बेट्टा मांसाहारी आहे, मुरमुरे आणि पोळीचे तुकडे त्याच्यासाठी नाहीत. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे बस्स. नर बेट्टा एका टाकीत एकच ठेवावा, आणि आरोग्य खात्याचे गप्पी त्याच्या सोबतीला सोडू नयेत, त्यांच्या रंगीत शेपट्या पाहून तो अंगावर जातो. पाण्यावर त्याने बुडबुड्यांचं घरटं केलं तर ती नराची उपजत सवय आहे, त्यावरून सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. दर आठवड्याला टाकी रिकामी करून, वाळू घासून धुण्याची पद्धत बंद करा, तुम्ही महिनाभर वाढवलेले जिवाणू त्यात वाहून जातात. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा, आणि ते पाणी कुंड्यांना घाला. दर वेळी निळं औषध टाकायची सवयही सोडा, त्याने जिवाणू आणि झाडं दोन्हींचं नुकसान होतं.

गावात एक धोका शहरापेक्षा जास्त असतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डाळिंबावर, पेरूवर, भाजीवर मारायच्या सायपरमेथ्रिनसारख्या औषधांचा अगदी सूक्ष्म अंशही माशाला पुरतो. फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीला हात लावू नये. डास पळवायच्या लिक्विड मशीनमधल्या औषधाचंही तेच, मशीन टाकीच्या खोलीत नको. पाटाची झाडं आणू नका म्हणण्याचं हेही एक कारण.

आणि शेवटचा गैरसमज: "नकोसा झाला की नदीत सोडावा, पुण्य लागतं." बाहेरचा मासा मोकळ्या पाण्यात गेला की काय होतं ते उजनीत चिलापीने आणि सकर माशाने दाखवलं आहे. टाकीतले आजारही त्या माशाबरोबर नदीत जातात. सांभाळणं जमत नसेल तर बेट्टा ओळखीच्या माणसाला द्या, दुकानात परत करा, पण प्रवरेत, पाटात किंवा शेततळ्यात त्याला सोडू नका.