बॅगाटेलची फळी

परवा दिल्लीच्या आमच्या घरी मुलापुढे जुनी बॅगाटेलची फळी मांडली. उतरते लाकूड, ठोकलेले खिळे, स्प्रिंगचा दांडा आणि गोट्या, एवढाच काय तो सरंजाम! या दांड्याचे पेटंट अमेरिकेत १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. त्याच कुळातील पिनबॉल यंत्राला १९४७ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने गोटी परतविणारे विजेचे पंखे बसविले. आजच्या यंत्रांत पडदे, दिवे, संगीत यांची गर्दी असते. गोटी कोठे व का वळली, हे मात्र कळत नाही. फळीवर ते उघड दिसते. मुलगा तीनदा हरला, रुसला, मग वाकून न्याहाळू लागला. फरशीच डावीकडे कललेली होती. त्याने मुकाट्याने फळीखाली वर्तमानपत्राची घडी सरकविली.