दारू ‘मनावर घेतल्याने’ सुटते का?

“मनावर घेतलं की दारू सुटते, त्यासाठी चार लोकांत जाऊन बसायची काय गरज?” हे वाक्य शिकलेल्या-सवरलेल्या घरांतही इतक्या ठामपणे बोललं जातं की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगपर्यंत पोचू शकणारा माणूस उंबरठ्यावरच थबकतो. दारू सुटत नाही म्हणजे मनच दुबळं, असं यात गृहीत धरलेलं असतं. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच काम करायला सरावलेला असतो. ती एकाएकी थांबवली की हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते आणि दोन-चार दिवसांत भ्रमही होऊ शकतो. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर ते जिवावर बेतू शकतं. अशा माणसाचा हात मुलाच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावणं क्रूर आहे आणि धोक्याचंही. हे पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच जायला हवेत, ते काम मीटिंगचं नव्हे. मीटिंगचं काम त्यानंतरचं, आणि ते कितीतरी लांबचं: शरीरातून दारू गेल्यावर संध्याकाळी सात वाजता करायचं काय, बसायचं कोणाबरोबर, या प्रश्नाचं.

“नुसत्या गप्पांनी काय होणार?” या शंकेला आज पुराव्यानिशी उत्तर आहे. वैद्यकीय संशोधनाची काटेकोर छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2020 साली 27 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत दहा हजारांहून अधिक लोक होते. ज्यांना पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलं, त्यांच्यापैकी वर्षभरानंतर सुमारे 42 टक्के पूर्णपणे दारूपासून दूर होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होतं. हा चमत्कार नाही. निम्म्याहून अधिक लोकांना अखंड वर्ष साधलं नाही, आणि यांतले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हेही सांगितलंच पाहिजे. पण प्रशिक्षित तज्ज्ञांच्या उपचारांपेक्षा जी गोष्ट थोडी तरी सरस ठरते, तिला ‘गप्पा’ म्हणून उडवून लावता येत नाही. यावर हुशार आक्षेप असा असतो की मीटिंगला जातात तेच मुळात सुटायला उत्सुक असतात, मग श्रेय मीटिंगला का? संशोधकांनाही हा प्रश्न पडला होता. कीथ हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये चिठ्ठीपद्धतीने गट पाडलेल्या चाचण्यांची आकडेमोड अशा रीतीने केली की स्वतःच्या उत्सुकतेचा परिणाम वेगळा काढता यावा. तो वगळूनही, मीटिंगला जाणं वाढलं तसे दारूविना जाणारे दिवस वाढलेले दिसले. यामागचं एक मोठं कारण म्हणजे बदललेली संगत: पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारे काही कमी नाहीत. ज्यांची माळ टिकते त्यांच्या भोवती भजनाची, दिंडीची माणसं असतात. एकट्याने केलेला निश्चय आणि अशा सोबतीतला निश्चय यांत फरक पडणारच, असं मला वाटतं.

देवाचा मुद्दा मात्र लपवण्यासारखा नाही. एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात देवाचा उल्लेख आहे, आणि चर्चच्या सभागृहात मीटिंग भरली की धर्मांतराची शंकाही घेतली जाते. जागा भाड्याने किंवा सवलतीत मिळते म्हणून घेतलेली असते. देव कसा मानायचा हे ज्याचं त्याच्यावर सोडलेलं असतं आणि न मानणारेही तिथे येतात. तरीही एखाद्याला ती भाषा पचली नाही तर त्याने दुसरा ग्रुप पाहावा, समुपदेशकाकडे जावं. एए हा एकच रस्ता आहे असं कोणी सांगत असेल तर तेही चूकच.

बाकीचे गैरसमज चटकन निकालात निघतात. सदस्य व्हायला आधी दारू सोडलेली असावी लागत नाही, सोडायची इच्छा पुरते. फी नसते, खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो आणि बाहेरच्या देणग्या घेतल्या जात नाहीत. बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐकून परतता येतं. आडनाव सांगावं लागत नाही, आणि समोरच्यालाही आपल्याइतकीच गुप्तता हवी असते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणारा सभासद एएच्याच भूमिकेविरुद्ध बोलत असतो. त्याचं ऐकू नये.

मीटिंग शोधायची तर एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावानुसार चौकशी करता येते. केंद्र सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही विचारता येतं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून या कामात आहे. निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: भाषा कोणती, आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपन मीटिंगला बायको, भाऊ, कोणीही सोबत बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. आणि घरातला माणूस यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी थांबून राहायचं कारण नाही: अल्-अ‍ॅनॉन ही 1951 पासूनची वेगळी संघटना कुटुंबीयांसाठीच आहे, आणि पिणारा पीत असतानाही तिथे जाता येतं.