उभयचरांतील नत्रयुक्त उत्सर्जन : पाठ्यपुस्तकी वर्गीकरणाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
मासा अमोनिया-उत्सर्जी, बेडूक युरिया-उत्सर्जी आणि पक्षी युरिक आम्ल-उत्सर्जी ही त्रिसूत्री प्राणिशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगितली जाते. परीक्षेच्या दृष्टीने ती सोयीची असली तरी उभयचरांना ती लागू पडत नाही. कारण या एकाच वर्गात तिन्ही प्रकार आढळतात.

विवेचन :
प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा अमोनिया अत्यंत विषारी असतो. त्याच्या रूपाने १ ग्रॅम नत्र बाहेर टाकण्यास सुमारे ५०० मिलिलिटर पाणी लागते. युरियासाठी सुमारे ५०, तर युरिक आम्लासाठी सुमारे १० मिलिलिटर पुरते. म्हणजे प्रश्न मुळात पाण्याच्या उपलब्धतेचा आहे. बेडकाचे पाण्यात वाढणारे पिल्लू, म्हणजे भैकेर, कल्ले व त्वचेवाटे अमोनिया सहज सोडून देते. रूपांतरणाच्या काळात अवटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे त्याच्या यकृतात कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज व युरियाचक्रातील अन्य विकरांचे प्रमाण वाढते आणि जमिनीवर येणारा बेडूक युरिया उत्सर्जित करू लागतो. शेपूट नाहीशी होताना डोळ्यांना दिसते. यकृतातील बदल दिसत नाही, म्हणून तो बहुधा शिकवायचाच राहून जातो.

तथापि, प्रौढ बेडूक म्हणजे युरिया हे समीकरणही सार्वत्रिक नाही. आफ्रिकेतील झेनोपस लेविस प्रौढपणीही पाण्यातच राहतो व मुख्यतः अमोनिया उत्सर्जित करतो. डबके आटून चिखलात ग्रीष्मनिष्क्रियता पत्करावी लागली की मात्र त्याच्या शरीरात युरिया साठू लागतो. आग्नेय आशियातील कांदळवनांत राहणाऱ्या खेकडेखाऊ बेडकाच्या बाबतीत तर युरियाला टाकाऊ म्हणणेच कठीण आहे. तो युरिया रक्तात साठवून खाऱ्या पाण्यातही शरीरातील पाणी राखतो, हे गॉर्डन, श्मिट-नील्सन व केली यांनी १९६१ मध्ये दाखवले.

सर्वांत लक्षणीय अपवाद वृक्षवासी बेडकांचा आहे. आफ्रिकेतील किरोमँटिस झेरॅम्पेलिना युरिक आम्ल उत्सर्जित करतो, असे लव्हरिज यांनी १९७० मध्ये नोंदवले. शूमेकर व सहकाऱ्यांना १९७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील फायलोमेड्यूसा सोव्हाजाय या बेडकात तेच आढळले. हा बेडूक त्वचेतून स्रवणारा मेणासारखा पदार्थ पायांनी अंगभर चोळून बाष्पीभवनही रोखतो. हे दोन्ही बेडूक भिन्न कुलांतील, भिन्न खंडांतील. त्यांच्यात समान आहे तो कोरडा ऋतू.